कुणाला न दिसणारं यंत्र

१२ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. तू घेऊन दिलेलं कानाचं यंत्र तीन आठवडे लावलं. आता डोकं उठलंय, म्हणून लिहायला बसले.

त्याआधी सरकारी यंत्रासाठी मी आठ महिने सरकारी दवाखान्यात चकरा मारल्या. तिथला कारकून बहिऱ्यांच्या रांगेला खिडकीआडून नावं पुकारतो आणि कुणी उठलं नाही की वर चिडतो! मिळालं तेही जाडजूड, कानामागे बसणारं, मधूनच शिट्टी मारणारं. पण सेल तिथेच मिळतात आणि बटण एकच आहे.

तुझ्या यंत्राचे लाड किती! रोज चार्जिंगला लावा, फोनला जोडा, इवल्याशा ब्रशने पुसा. माणसाचं बोलणं त्यातून स्वच्छ येतं, खोटं कशाला बोलू? पण बाकीचे आवाज ते आपल्या मनाने गाळतं. माझं शिलाई मशीनच गाळलं! खाली दोरा गुंतला की मशीनची खटखट बदलते, मी जन्मभर त्या आवाजावर काम केलंय. परवा काही कळलंच नाही. सहा गणवेशांच्या बाह्या उसवत बसले. यंत्राच्या दुकानातली मुलगी म्हणते, "आजी, सेटिंग बदलून देते. पण बघा ना, कुणाला दिसतसुद्धा नाही!" हे तिने तीनदा सांगितलं.

सेटिंग बदलेल रे. माझं भांडण त्याच्याशी नाहीच.

गेल्या महिन्यात मी तुझ्याकडे भाजी निवडत बसले होते. माझ्या पाठीमागे तू बायकोला म्हणालास, "ताईला एखादं बारीकसं घेऊन देऊ. लेकीच्या लग्नाच्या फोटोत ते ढबू यंत्र नको. व्याही काय म्हणतील?" तुला वाटलं, हिला कुठे ऐकू येतंय! त्या ढबू यंत्रातून अक्षर न् अक्षर आलं. फार लागलं मला. भाजी निवडून झाली तरी मी वळले नाही.

माझे कान शिलाईच्या कारखान्यात गेले, तू कॉलेजात होतास त्या वर्षांत. हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज दाखवते.

तुझं यंत्र सोबत परत पाठवलंय. लग्नाला मी येणार, केस वर घट्ट बांधून, सरकारी यंत्र लावून. फोटोत मी नको असेन तर चिठ्ठी पाठवू नकोस, बायकोकडून निरोपही नको. समोर उभा राहून सांग. हळू बोललास तरी चालेल.

सगळं ऐकू येणारी,
तुझी ताई