पंखावर कापड चढवण्याआधी

आप्पा, विमान उडालं. तुम्ही जिथं ट्रॅक्टरची इंजिनं उतरवायचात, त्याच नसरापूरच्या गॅरेजात मी बांधलेलं दोन माणसांचं विमान. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र टाकणार कुठं? तरी लिहितेय, कारण पहिल्यांदा तुम्हालाच सांगायचं होतं.

तो गिअरबॉक्स आठवतो? कॉलेजच्या सुट्टीत मी एकटीनं जुळवला, झाकण बसवलं आणि ऐटीत उभी राहिले. तुम्ही विचारलंत, "कुणाला दावलंस?" म्हटलं, "मीच नीट बघितलंय की." "झाकलं की खोटं बी खरं दिसतं. खोल पुन्ना." गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि मी एकेक बोल्ट सोडतेय. असा राग आला होता! आत सगळं बरोबर निघालं. तुम्ही तुमच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवलात, बस्स.

घरी बांधलेल्या विमानाचे नियमही तुमच्यासारखेच खडूस निघाले. पंखाचा सांगाडा तपासनिसानं पाहिल्याशिवाय वर कापड चढवायचं नाही. आणि तपासनीस काही येईना. अख्खा पावसाळा पंख उघडे. शेजारचा वेल्डर रोज विचारायचा, "ताई, विमान उघड्या अंगानंच उडवायचं का वो?" कापड चढवून टाकलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण माझा हात धजावला नाही. शेवटी तपासनीस आला, बॅटरी मारून प्रत्येक सांधा पाहिला आणि म्हणाला, "चढवा." विमा कंपनीच्या माणसानंही आतलेच फोटो मागितले. वर स्पष्ट सांगितलं, "चाचणीत खाली कुणाचं नुकसान झालं तर आम्ही भरू. विमान मोडलं तर तुमचं तुम्ही बघा." मला ते पटलं. आधी दुसऱ्याचं, मग आपलं, असंच तुमचं गॅरेज चालायचं. आप्पा, मला माझा अभिमान वाटतो, आणि त्याहून जास्त तुमचा.

पंख सोडवून, टेम्पोत घालून, सारोळ्याचा पूल ओलांडून विमान धावपट्टीवर नेलं. चाचणी संपेपर्यंत शेजारी कुणाला बसवायचं नाही, हाही एक नियम. तसे तुम्ही बसलाच नसतात म्हणा. राजगड चढताना खाली बघून तुम्ही पायवाटेवरच बसकण मारली होती. रिकाम्या खुर्चीचा पट्टा मात्र आवळून ठेवावा लागतो, लोंबून कशात अडकू नये म्हणून. मी तो आधी तुमच्या पोटाच्या मापानं बांधला. थोडा वेळ बघत राहिले, मग नियमाप्रमाणे आवळला. एवढं मात्र कुणाला दाखवलं नाही.