धनी थांबला, बाई

बाई, तुमचं बरोबर निघालं. धनी थांबला. उघड्या माळावर, जिथे भिंत नाही, दार नाही, उंबऱ्याच्या नावाने साधी फळीसुद्धा नाही, तिथे येऊन तो थांबला, आणि अख्ख्या ‘सावलगड’ कॉमिकमध्ये पहिल्यांदाच त्याने तोंड उघडून विचारलं, "येऊ का?" काल दुपारी ते पान फोनवर आलं तेव्हा मी इथे नांदेडला, माझ्या क्लासच्या मधल्या सुटीत डबा खात होते. हातातला घास डब्यात टाकला आणि ओरडले. शेजारच्या वर्गातले फिजिक्सचे सर धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. मी म्हटलं, साप नाही सर, व्हँपायर. त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं ती तुमच्या चांगल्या ओळखीची आहे. लातूरचे निम्मे मास्तर तुमच्याकडे तसेच बघायचे.

आता पहिल्यापासून सांगते, तुम्हाला सगळं पाठ असलं तरी. भूकंपाच्या पुढच्या जूनमध्ये मी मावशीकडे लातूरला आले, अकरावी सायन्सला. औशाकडचं आमचं गाव पडलं होतं. आमच्या घरातले आम्ही सगळे वाचलो, शेजारच्या घरातलं कुणीच नाही. आई आणि आबा गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे आणि मी त्या शेडला घर म्हणत नव्हते. आबाही म्हणत नसत. ते ‘पत्रा’ म्हणायचे. पत्र्यात चला, पत्र्यात ठेवलंय. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या, बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो देवासारखे टांगले जात होते. तुमच्या क्लासला पाटी नव्हती. भाड्याच्या दोन खोल्या, सतरंजी, फळा, भिंतीवर निळ्या कोटातला एकच फोटो आणि त्याला रोजचा ताजा हार. गणित कच्चं असलं की आईबाप पोराला तुमच्या हवाली करायचे आणि सांगायचे, बाई, हाडं आमची, मांस तुमचं. तुम्ही म्हणायच्या, मला दोन्ही नको, वही आणा.

मी त्रिकोणमितीच्या पुस्तकात ‘सावलगड’चा अंक लपवून वाचत होते. तुम्ही फळ्याकडे तोंड करून उभ्या होतात, तरी तुम्हाला कळलं. "काय करायलीस गं? मावशीच्या पैशानं भुतं वाचायला आलीस का हितं?" अंक तुमच्या पिशवीत गेला आणि माझी मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो परत दिलात, सगळ्यांसमोर. पानापानावर लाल पेन्सिल होती. एका चित्राखाली लिहिलं होतं, ‘गृहीतक काय? सांगितलेलं नाही.’ मी पुन्हा बोलणी खायची तयारी केली होती, आणि तुम्ही चष्म्यावरून वर्गाकडे बघत विचारलंत, "फुडचा अंक कुणाकडं हाय?" मग मागच्या रांगेतल्या धर्माबादच्या मुलाने हळूच शर्टाच्या आतून तो काढला. आपला धर्माबादवाला. त्याच्या वडिलांचा मिरचीचा व्यापार होता आणि त्याच्या अंकालाही मिरचीचा वास यायचा.

तेव्हापासून रविवारची परीक्षा संपली की पेपर तपासता तपासता आपली सभा भरायची. गडावरचा धनी रक्त पितो, पण आतून कुणी ‘ये’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. त्याच्या पदरी एक मांत्रिक, ज्याची दर मंत्रागणिक थोडी सावली खर्च होते. त्यांच्याविरुद्ध एकटी दिवटीवाली पोर आणि तिच्या पायात घुटमळणारं, कधीच न भुंकणारं काळं कुत्रं. एवढ्यावर आम्ही किती तर्क लढवले! धर्माबादवाला एकदा फूटपट्टी घेऊन आला. त्याने प्रत्येक अंकातली मांत्रिकाची सावली मोजली होती आणि त्याचं म्हणणं, गड्याकडे आता जेमतेम एकदोन मंत्र उरलेत. तुम्ही त्याला विचारलंत, "चित्रात दिवा कुठं हाय ते धरलंस का? दिवा जवळ आला की सावली बदलती. जा, परत मोज." तो बिचारा पुढचा आठवडाभर परत मोजत बसला. कुणी म्हणायचं, कुत्रं म्हणजे त्या पोरीचा मेलेला भाऊ. तुम्ही मात्र ठाम होतात: कुत्रं मरणार. "लिहिणाऱ्याला शेवटी रडवायला कोण तरी लागतंच की." आम्ही सगळे तुमच्यावर तुटून पडायचो आणि तुम्ही लाल पेन्सिलीने कान खाजवत हसायच्या.

मग तो अंक आला. मांत्रिकाने शेवटचा मंत्र टाकला आणि गडाखालचं गाव एका पानात पडलं. चित्रकाराने मातीची माळवदं कशी खचतात ते नेमकं काढलं होतं, त्याने ते कुठे पाहिलं असेल हे मला विचारावं लागलं नाही. मी अंक मिटला तो मिटलाच, शेवटचं चित्र दुसऱ्यांच्या हातात पाहिलं. वाचलेली माणसं माळावर बसलेली, मध्ये चुली, आणि धनी निवांत गड उतरतोय. आता त्याला अडवायला उंबरेच उरले नव्हते. आणि नेमकं तिथेच कॉमिक बंद पडलं. बसस्टँडवरचा पेपरवाला आम्हाला बघूनच दुरून हात हलवायचा, आलं नाही, आलं नाही.

"उंबरा नाही तर नियम नाही. खेळ खलास," धर्माबादवाला म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र आमचा पत्रा दिसत होता. तुम्ही खडू खाली ठेवलात. "थांबा. उंबरा म्हंजे काय? व्याख्या सांगा." मग तुम्हीच म्हणालात, "उंबरा लाकडात न्हाई. जिथं थांबून ‘येऊ का’ म्हणावं लागतं, तिथं उंबरा. धनी माळावर येईल आणि थांबंल. लिहून ठेवा." वर्ग हसला. तुम्हाला हसायची हिंमत आमच्यात एवढ्या एकाच वेळी आली असेल. धर्माबादवाला उठून उभा राहिला. "बाई, हे खरं निघालं ना, तर आमच्या आडतीतली मूठभर मिरची कच्ची खाईन." तुम्ही म्हणालात, "मिरची नको, सिद्धता पाहिजे." आणि माझ्याकडे वळलात. "तुला दिवाळीची सुट्टी हाय ना? घरी जा. बघून ये."

मला तुमचा इतका राग आला, बाई. मी चार-पाच महिने गावी गेले नव्हते, काही ना काही निमित्त काढत होते. माझ्या आईबापाचं उघड्यावर पडणं तुमच्या भुताच्या गणिताला कशाला हवं होतं? मावशीकडे जाऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. आणि तरी गेले, कारण तुम्ही दिलेलं गणित न सोडवता परत येणं मला जमणार नव्हतं.

दुपारची वेळ आहे. शेडला तीन बाजूंनी पत्रा, समोर नुसता गोणपाटाचा पडदा, तोही दिवसा गुंडाळून वर बांधलेला. आई आत अनारसे थापत बसली आहे, मला ती लांबूनच दिसते. मी पिशवी घेऊन चालत येते आणि पत्र्याच्या दहाएक पावलं आधी थांबते. का थांबते ते मला माहीत नाही. तोंडातून निघतं, "आई, येऊ का?" आई वर बघते. खसखशीने माखलेला हात तसाच हवेत राहतो. "तू काय पाव्हणी हायेस का गं?" ती म्हणते, आणि तिचे डोळे भरून येतात. मी एका ढांगेत आत जाते.

मग दिवसभर मी बघतच बसले. पलीकडच्या शेडमधली काकू विरजण मागायला आली. आम्ही तिला दिसत होतो, ती आम्हाला दिसत होती, मध्ये काडी नव्हती. तरी ती नेमकी त्याच जागी थांबली, जिथे मी थांबले होते. "हाय का गं घरात?" आई म्हणाली, "ये की, बस." पोस्टमन तिथेच थांबला. आबांचे मित्र तिथेच थांबून खाकरले. एरवी धुळीत लोळणारं बारकं पोरगंसुद्धा तिथे येऊन उभं राहिलं आणि अनारसा हातावर पडेपर्यंत पुढे सरकलं नाही. त्या जागची माती पायांनी घट्ट झाली होती, सारवल्यासारखी. आणि तिन्हीसांजेला आबा शेतातून आले. ते थांबले नाहीत. कुणाला विचारलं नाही. सरळ आत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि पाणी मागितलं. त्यांना कधी कळलं नाही की त्यांच्या पोरीने त्या क्षणी काय मिळवलं. आमचं घर पडलं नव्हतं, बाई. भिंती पडल्या होत्या.

सुट्टी संपल्यावर मी तुम्हाला हे सांगितलं, पोरं यायच्या आधी, तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून. तुम्ही स्टोव्ह बंद केलात. मग म्हणालात, "मला हे कुठून कळलं म्हनून इचार." मी विचारलं. "लातुरात आल्यावर खोल्या बघत फिरले. बाहेर उभं ऱ्हायचं, नाव सांगायचं, आडनाव सांगायचं. आडनाव ऐकलं की खोली आत्ताच गेलेली असायची. लई घरं झाली. उंबरा कुठं सुरू होतो हे आतल्याला न्हाई कळत गं, बाहेर उभ्याला कळतं. धन्याला कळतं आन् मला." आणि तुम्ही हसलात, अगदी मनापासून, जणू त्या रक्तपित्याची आणि तुमची जुनी ओळख आहे. मग चहा गाळलात, आणि मी दारातच उभी आहे हे बघून खेकसलात, "ये की आत! का तुझ्यासाठी आमंत्रणपत्रिका छापू?"

तुम्ही स्वतःचं घर बांधलंत तेव्हा मी इंजिनिअरिंग संपवून, नोकरी सोडून, गणितच शिकवायला लागले होते. गृहप्रवेशाला तुम्ही जुन्या पोरांना बोलावलंत आणि दारात सगळ्यांना रांगेत उभं केलंत. प्रत्येकाने "येऊ का बाई?" म्हणायचं, आणि तुम्ही आतून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "ये!" धर्माबादवाला तेव्हा डॉक्टर झाला होता, त्याला तुम्ही तीनदा विचारायला लावलंत. ‘ये’ म्हणताना तुमचा चेहरा कसा दिसत होता ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे. पाचएक वर्षं तुम्ही त्या घरात राहिलात आणि गेलात. फार थोडी झाली. मला त्याचा अजून राग येतो.

आता नवी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी त्या चित्रकाराने, म्हातारपणी, ‘सावलगड’ पुन्हा सुरू केलं. फोनवर, दर शुक्रवारी एक पान. माझ्या क्लासच्या पोरांना ते आधी सापडलं. लोह्याहून रोज बसने येणारी एक मुलगी पुस्तकाच्या आत फोन धरून वाचत होती. मी फोन काढून घेतला आणि पान बघितलं. माळ, चुली, गड उतरणारा धनी. दुसऱ्या दिवशी फोन परत देताना मी काय विचारलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पोरांचा मोठा ग्रुप आहे, शेकडो जणं, रात्रंदिवस तर्क चालतात. धनी माळावर घुसणार आणि सगळ्यांना व्हँपायर करणार. दिवटीवाली स्वतःच व्हँपायर आहे. मांत्रिकाची सावली परत येणार. मी तिथे लिहिलं, ‘धनी थांबेल. आमच्या बाईंनी सांगितलंय,’ आणि खाली व्याख्या दिली. एकाने लिहिलं, ‘काकू, भिंतच नाही तर थांबेल कशाला, चहा प्यायला?’ मी लिहिलं, ‘शुक्रवारी बघू.’ कितीतरी शुक्रवार गेले. धनी एकेक पायरी उतरत होता आणि पोरं माझी टिंगल करत होती. मी एक अक्षर मागे घेतलं नाही.

आणि काल तो थांबला! चुलीपाशी एक बाई भाकरी थापतेय, समोर सगळं मोकळं, आणि त्याचा पाय हवेत अडकलेला. ‘येऊ का?’ हे शब्द एवढ्या बारीक अक्षरात, की फोन डोळ्याला लावावा लागला. पुढच्या चौकटीत ती बाई उत्तरच देत नाही, भाकरी उलटते. त्याच्यामागे उजाडायला लागलंय. बाई, ग्रुपवर जो गोंधळ झाला! ‘तुमच्या बाईंना सलाम.’ ‘बाई कोण होत्या? अजून काय म्हणाल्या होत्या?’ चहा विचारणाऱ्या त्या पोराने कान धरल्याचा फोटो टाकला. लोह्याची पोरगी वर्गात बाकावर उभी राहिली आणि सगळ्यांनी तुमच्या नावाने टाळ्या वाजवल्या, ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नाही अशा पोरांनी. मी पेढे मागवले, दुपारचं गणित रद्द केलं. संध्याकाळी धर्माबादवाल्याचा व्हिडिओ कॉल आला. केस सगळे पांढरे, गळ्यात अजून स्टेथोस्कोप, हातात मिरच्या. "शब्द म्हंजे शब्द," म्हणाला, आणि खरंच खाल्ल्या. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, मध्येच मला कळेना की त्यातलं मिरचीचं किती. "बाई जिंकल्या गं," एवढंच तो म्हणत राहिला.

हे पत्र कुठे टाकायचं? तुमच्या दारावर आता दुसरी पाटी आहे. म्हणून ते माझ्याच टेबलावर राहील, पोरांच्या तपासायच्या पेपरांखाली. तुम्ही कुणालाच पूर्ण मार्क देत नव्हतात. मी एकदा बिनचूक पेपर लिहिला तरी एक कापलात आणि म्हणालात, पुरे दिले की पोरगं भेटायला येत न्हाई. मीही तुमचा एक कापला आहे. कालच्या पानावर कुत्रं जिवंत आहे, चुलीपाशी अंग मुडपून झोपलंय. तुम्ही म्हणाला होतात ते मरणार. गोष्ट अजून संपलेली नाही, पुढच्या शुक्रवारी मेलंच तर मार्क परत द्यावा लागेल, आणि तुमचे पुरे होतील. खरं सांगू? ते मरू नये म्हणून मी कालपासून देवाला सांगतेय, आणि ते कुत्र्यासाठी नाही.