साळिंदराचं सोंग

प्रिय संग्राम,

गावाचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस, म्हणून लिहितेय. आपल्या गासपासून आचोळं रिक्षाच्या अंतरावर, पण तू तिकडे राहायला गेल्यापासून इथे तुझं नाव कोणी सरळ घेत नाही.

मंडळाचं नाटक यंदा काशीरामकाकांनी स्वतः लिहिलं. जंगलातलं तळं खारट होतं आणि सिंहाची सभा ठरवते की साळिंदर त्यात थुंकलं. त्याला हाकलतात, तळं गोड होतं, सगळे नाचतात. साळिंदराला तुझ्यासारखा जाड चष्मा होता, खांद्याला तुझ्यासारखीच खाकी पिशवी. चष्मा सावरत ते 'तळं उपसू नका' म्हणालं, अगदी तुझ्या सुरात, आणि मांडवात हशा पिकला.

पाणी समितीच्या निवडणुकीत तू काकांसमोर उभा राहिलास तो हेच सांगत. टँकरवाल्यांना विहिरी उपसू दिल्या तर समुद्राचं पाणी आत शिरेल. हरलास, पाणी खरंच खारट झालं, आणि दोषही तुलाच लागला. म्हणे, हरल्याच्या रागाने तू विहिरींत मीठ ओतलंस. एवढं मीठ एकट्याने कुठून आणलं, हे कोणी विचारलं नाही. आधी तुझ्या वाडीचा पाइप तोडला, मग लग्नाची आमंत्रणं थांबली.

नाटकात पहिला दगड मारणारा ससा आपली रेवा होती. तालमीला आयांनी यायचं नाही असा नियम केला होता, तो का ते मला मांडवात बसल्यावर कळलं. घरी तोंडाचा रंग पुसताना तिने विचारलं, "आई, साळिंदर म्हणजे संग्राममामा का गं?" मी हो म्हटलं. ती जेवली नाही.

नाटकातलं तळं गोड झालं, आपली विहीर नाही. मोगऱ्याची पानं कडेने करपताहेत, टँकर रोज भरून जाताहेत. संग्राम गेला तरी पाणी खारट कसं, असं बायका आता उघड बोलतात, आणि बोलताना काकांच्या घराकडे बघतात.

परवा काका ओटीवर आले. चहा जारच्या पाण्याचा आहे ना, हे विचारून प्यायले. म्हणाले, "वसू, संग्रामला पत्र घाल. गाव त्याला पदरात घेतंय. सभेत चुकलो म्हणाला की झालं, पाइप जोडून देतो." फार मायेनं बोलत होते. गेलेल्या माणसावर किती दिवस खापर फोडणार रे, त्यांना तू पुन्हा समोर उभा हवा आहेस. मी म्हटलं, लिहिते. ते हे पत्र. येऊ नकोस. रविवारी रेवाला घेऊन मीच तिकडे येते.

तुझीच,
वसूताई