शिट्टीवरचा स्टार्ट

२१ ऑगस्ट
नाही, मी घाबरत नाही. आधी हे डोक्यातून काढ. कॉलेजात मला दोनदा फॉल्स स्टार्टवर बाद केलं, कारण माझा रिअ‍ॅक्शन टाइमच तसला होता. मी पुढे, बंदूक मागे. आवाजाचा काही संबंध नाही.
आज हेडसर, म्हणजे रंगनाथ सर, यांनी नवीन स्टार्टर पिस्तूल हातात दिलं. म्हणाले, जोशुआ सर, जिल्ह्याच्या स्पर्धेत शर्यत यावरच सोडतात, प्रॅक्टिस यावरच घ्या. सुकन्या चारशे मीटरला पहिल्या दोनात आली तर विभागाला जाईल. आपल्या तिसगावच्या शाळेतून आजवर कोणी गेलेलं नाही.
घेतो म्हणालो. पिस्तूल स्टाफरूमच्या कपाटात ठेवलं. उद्यापासून नक्की.
दिवसभर कपाटाच्या बाजूला बसलो नाही. तिकडे पंखा लागत नाही.

२२ ऑगस्ट
हवा दमट. पिस्तुलाच्या टिकल्या सादळल्या असणार. शिट्टीवर घेतलं. सुकन्या काय सुटते! दहावीची पोरं धापा टाकत मागे.

२५ ऑगस्ट
विचार केला. शिट्टी हीच शास्त्रीय पद्धत. आधी पाया, मग बंदूक. यावर पेपर लिहायला हवा.

२७ ऑगस्ट, दुपार
गणपती आले. बाहेर पोरांनी फटाक्यांची माळ लावली. बायकोला दारंखिडक्या लावायला सांगितल्या. डोकं दुखतंय म्हणालो. एस्तेर म्हणाली, अहो, गणपती, दिवाळी आणि सरपंचाचा निकाल, एवढ्यालाच कसं दुखतं?
पलंगाखाली चप्पल शोधत होतो. बराच वेळ सापडली नाही.

३ सप्टेंबर
नेलं. पिस्तूल मैदानावर नेलं! हात वर केला. सुकन्या 'सेट'मध्ये वाकलेली. बोट चालेना. ती तशीच. तिचे दंड थरथरायला लागले. माझेही, पण मी सकाळपासून चहावर होतो.
शेवटी तोंडानेच 'ठो' म्हणालो. पळाली. टायमिंग फर्स्ट क्लास.
हेडसरांनी विचारलं, झाली का बंदुकीवर प्रॅक्टिस? झाली म्हणालो. पिस्तूल हातात होतं, आवाज झाला होता. खोटं काय त्यात?

८ सप्टेंबर
उद्या नगरला जिल्ह्याची स्पर्धा. एस्तेर म्हणाली, पोरीला घरी बोलवा, पिस्तूल मी उडवते चार वेळा, तुम्ही पलीकडे किराणा आणायला जा. बाईमाणसाच्या हातात शस्त्र बरं दिसत नाही म्हणालो.
बॅग तीनदा भरली. काळजी सुकन्याची. दुसरं काही नाही.

९ सप्टेंबर
फायनल. सुकन्या चौथ्या लेनमध्ये. मी दोरीपाशी उभा, तिला दिसेन असा. कोच दिसला की पोरांना धीर येतो. तिने माझ्याकडे बघितलं. स्टार्टरने पिस्तूल वर केलं. मी डोळे मिटले.
उघडले तेव्हा सात पोरी गेलेल्या. सुकन्या ब्लॉकमध्येच, दोन्ही हात कानांवर.
मग उठली. अशी पळाली की मांडवातले पाहुणे खुर्च्या सोडून उभे राहिले. सातातल्या पाच जणी तिने मागे टाकल्या. तिसरी आली. जाणार दोघीच.
परतीच्या टेम्पोत मी तिला सगळं टेक्निकल समजावलं. वारा उलटा होता. लेन खराब होती. स्टार्टर नवखा होता. ती खाली बघून ऐकत होती. करंजी गाव आलं तेव्हा म्हणाली,
"सर, तुमी आदी कान झाकले. मला वाटलं, तसंच करायचं असतंय."
हेडसर माझ्याकडे वळायला लागले. मी ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली, इथे माझं काम आहे म्हणालो आणि टेम्पो नीट थांबायच्या आत उतरलो.
तिसगाव अजून बरंच लांब होतं.