‘क्लीव्ह’च्या दोन नोंदी

मी, इंग्रजी-मराठी शब्दकोशाची संपादक, वय एकोणऐंशी, अविवाहित, हे मृत्युपत्र शुद्धीवर, स्वखुशीने आणि चांगलीच संतापून लिहीत आहे. संतापावरून माझे डोके ठिकाणावर नाही असे कोणी समजू नये. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला आहे.

१. राहते घर माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. ते माझ्या पश्चात भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, मिळावे. आजारपणात माझे सगळे तिनेच केले. तिच्या बापाने फुले पाठवली.

२. कोशातला माझा निम्मा हक्कही तिलाच. कोश मी आणि भावाने मिळून रचला. ‘क्लीव्ह’ या शब्दाचे दोन अर्थ: चिरून वेगळे करणे आणि घट्ट चिकटून राहणे. मुळात हे दोन निराळे जुने शब्द. उच्चार झिजत झिजत सारखे झाले, एवढेच. म्हणून मी दोन नोंदी केल्या, दोन व्युत्पत्त्या दिल्या. मी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात असताना भावाने त्या परस्पर एक करून छापल्या. प्रकाशनाच्या सभेत म्हणाला, “तोडणं आणि जोडणं एकाच मुळातून येतं, जसे मी आणि माझी ताई!” टाळ्या पडल्या. मी डोळ्याला पट्टी बांधून पहिल्या रांगेत बसले होते.

घरी आल्यावर विचारले, “धडधडीत खोटं का छापलंस?”

“ताई, लोकांना गोष्ट आवडते. मुळं कोण उकरत बसतंय?”

“आपण! दुसरं काय केलं आपण जन्मभर?”

“तू फार ताणतेस.”

पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठावरून माझे नाव गेले. आभारांत उरले, ‘ताईचे सहकार्य’. सहकार्य! ‘ए’पासून ‘एम’पर्यंतचा शब्दन् शब्द माझ्या हातचा आहे. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

३. भाचीने नव्या आवृत्तीत ‘क्लीव्ह’च्या दोन नोंदी कराव्यात आणि मुखपृष्ठावर दोघांची नावे छापावीत. होय, त्याचेही. ‘एन’पासून पुढचे काम त्याने चोख केले आहे. दुसऱ्याचे नाव खोडण्याची सवय मला नाही.

४. भावाला घर, पुस्तके, भांडीकुंडी यांतले काहीही देऊ नये. हा कागद मात्र त्याच्या हातात द्यावा. तो आधी शुद्धलेखन तपासेल. त्याने चूक दाखवली, तर ती खरीच असणार. त्या बाबतीत त्याचा हात धरणारा मी दुसरा पाहिला नाही.

सही: मोठी बहीण
साक्षीदार: १. डॉक्टर २. शेजारीण (“जरा सौम्य लिहा” म्हणाल्या. ऐकले नाही.) दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.
स्थळ: घराची पुढची खोली
दिनांक: डॉक्टरांनी सहीखाली घातला तोच