कोण काय करतं याचा अभ्यास

२ फेब्रुवारी, सोमवार
संयोगिता मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मालकांची मुलगी, नुकतीच एमबीए करून आली आहे. म्हणाल्या, आपल्या फौंड्रीत कोण काय काम करतं हे कुठंच लिहिलेलं नाही. प्रत्येकाचं जॉब डिस्क्रिप्शन हवं. ते तुम्ही करा, अमरसिंह.
इतकी वर्षं टाईम ऑफिसात हजेरी मांडतोय. शेवटी कुणीतरी पाहिलं. हे काम झालं की एचआर मॅनेजरची पोस्ट काढावीच लागणार. आणि मग दुसरा आहे कोण?
पंधरवड्यात संपवणार. संध्याकाळी आईला सांगितलं. तिनं लगेच बिद्रीच्या मामाला फोन लावला. मी अडवलं नाही.

४ फेब्रुवारी
मामानं स्थळ आणलं. हातकणंगल्याची मुलगी, मोना, बी.कॉम., पतसंस्थेत नोकरी. मामा त्यांना सांगून मोकळा झालाय की भाचा एचआर मॅनेजर हाय. दुरुस्ती करायला हवी. पण बघाबघी होईपर्यंत ते खरं झालेलं असेल. उगाच दोनदा सांगायचं कशाला?

५ फेब्रुवारी
अभ्यास सुरू. पद्धत: आधी विचारायचं, मग निरीक्षण, मग लेखन. भट्टीवरच्या आण्णांना विचारलं, तुम्ही नेमकं काय काम करता? म्हणाले, बारा वर्सं हजेरी मांडतोयस आनी आज इचारतोयस व्हय? हुभा ऱ्हा हितं, दिसंल. उभा राहिलो. फार उकडतं. भट्टीचं नेटवरून लिहिणार.

७ फेब्रुवारी
माणसं कमी करणार अशी आवई उठली आहे. त्यामुळं आता जो तो काम वाढवून सांगतोय. झाडलोटीच्या तानाबाई म्हणाल्या, कुत्री मीच हाकलती, तवा सिक्युरिटी बी लिवा. गेटवरचा जोतीराम ऐकत होता. त्याला वाईट वाटलं. तासभर दोघांची समजूत काढली. हे कुठल्या पुस्तकात नसतं.

१० फेब्रुवारी
डिस्पॅचचा सम्राट आला. तिशी उलटली, लग्न जमत नाही. ऊस आहे, म्हशी आहेत, घर स्लॅबचं आहे, पण पोरीकडचे पहिला प्रश्न विचारतात, हुद्दा काय? म्हणाला, दादा, क्लार्क नको, कायतर वजनदार लिवा की.
सदतिसाव्या वर्षी मला नाही कळणार तर कुणाला? लिहिलं: लॉजिस्टिक्स एक्झिक्युटिव्ह. दोन पानं. ट्रकवर ताडपत्री बांधून घेतो आणि ड्रायव्हरला चलन देतो, त्याचं 'आंतरराज्य वाहतूक समन्वय' झालं. खाली माझी सही, कंपनीचा शिक्का. पाया पडला. लॅमिनेट करणार म्हणाला.

११ फेब्रुवारी
बातमी फुटली. जेवणाच्या सुट्टीत टेबलाभोवती गर्दी, सगळे बिनलग्नाचे. संध्याकाळपर्यंत कोअर शॉपमध्ये हेल्पर म्हणून कुणी उरला नाही. माणसं प्रेमानं बोलायला लागली आहेत. एचआर म्हणतात ते हेच.

१६ फेब्रुवारी
पंधरवडा झाला. निम्मेअधिक बाकी. आज फक्त स्वतःचं लिहायला बसलो. वर 'एचआर मॅनेजर' असं ठळक टाईप केलं. खाली पहिलं काम: हजेरी मांडणे. दुसरं सुचेना. चहाला गेलो. उद्या.

१९ फेब्रुवारी
मोनाचे वडील गणपतराव चौकशीला आले होते! मुलगा बघायच्या आधी त्याच्या कंपनीच्या गेटवर जाऊन विचारायचं, ही आपल्याकडची रीतच. नेमका मी पॅटर्न शॉपमध्ये निरीक्षण करत होतो. जोतीरामनं त्यांना डिस्पॅचला बसवलं, सम्राटनं चहा पाजला. गुणी पोरगा.
मी पोचेपर्यंत ते गेले होते. सम्राटला म्हटलं, काय विचारलं रे? म्हणाला, अमरसिंह काय काम करत्यात म्हणून इचारलं. तू काय सांगितलंस? म्हणाला, सगळ्यास्नी काय काम करता म्हणून इचारत फिरत्यात.
तसं खोटं नाही. जॉब अॅनालिसिस म्हणजे तेच.

२३ फेब्रुवारी
मॅडमनी कागद परत दिले. म्हणाल्या, ह्याप्रमाणं आपल्याकडं सगळे साहेबच आहेत, मग कास्टिंग कोण करतं? पुण्याहून तेजस्वी म्हणून एचआर मॅनेजर येताहेत. त्या नव्यानं करतील, तुम्ही मदत करा. आणि सगळ्यांचं लिहिलंत, तुमचं कुठाय? चालू आहे म्हणालो.
आईला सांगितलेलं नाही. जेवण गेलं नाही. पित्त असावं.

२५ फेब्रुवारी
हातकणंगल्याहून नकार. मामा म्हणाला, सोड रं, त्येंच्या मनात दुसरं कोन तर हाय.

२६ फेब्रुवारी
दुपारी गणपतरावांचा फोन. म्हणाले, पावणं, राग मानू नगा. सम्राटच्या कागदावर सही तुमची हाय, म्हणून तुमास्नीच इचारतो. लॉजिस्टिकचं म्हंत्यात ते खरं हाय न्हवं? पोरगी द्यावी का न्हाय?
ताडपत्रीचं सांगता आलं असतं. जिभेवर आलं होतं. पण मला एवढ्या विश्वासानं फोन कुणी कधी केला नव्हता. म्हणालो, डोळे झाकून द्या.
मॅनेजर झालो असतो तरी हेच करावं लागलं असतं.

१ मार्च, रविवार
सम्राटचा साखरपुडा. आई आली नाही. मी गेलो. सही माझी, जायला नको? गणपतरावांनी हात धरून पुढं बसवलं. मटण चांगलं होतं. पांढरा रस्सा दोनदा घेतला.
मोनाला पहिल्यांदाच पाहिलं, सम्राटशेजारी. छान दिसत होती. तिनं माझ्याकडं बघून त्याला हळूच विचारलं, हे कोण? सम्राट सहज म्हणाला, आमच्या टाईम ऑफिसचे क्लार्क. चांगले हैत.
उद्या मॅडमकडं माझं तेवढंच लिहून देतो.