मुठीतलं नाणं

लंडन, ३ मे १७२३

छापलं! मला न विचारता! वर्तमानपत्रात माझ्या नावानं आव्हान — 'मी, जुडिथ पास्क, मासळीवाली, डॉर्कस फिंच हिला ठोशांच्या झुंजीला बोलावते.' मी कुठं कुणाला बोलावलं? नॅटनं लिहून दिलं. नवरा ना, माझं नावही त्याचंच. आणि बोलावली कुणाला, तर डॉर्कसला! धक्क्यावर रोज एका बाकड्यावर बसून आम्ही मासळी विकतो.

५ मे

नॅटला सांगून टाकलं — तिसरा महिना आहे. त्यानं माझ्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "छापून गेलंय गं आता. एवढी एकच झुंज. मग आराम कर."

मी म्हटलं, उभी राहीन आणि लगेच मुठीतलं नाणं सोडून हरेन. हात थांबला. "मुद्दाम सोडलंस तर घरी येऊ नकोस."

धक्क्यावरची जागा त्याच्या नावावर. जाणार कुठे?

९ मे

मुठी टणक व्हाव्यात म्हणून हात रोज मिठाच्या पाण्यात. कातडी हेरिंग मासळीसारखी खारवलीय.

१४ मे

सराव. बायकांच्या झुंजीत दोन्ही मुठींत अर्ध्या क्राउनचं एकेक नाणं धरायचं. जिचं नाणं आधी पडेल ती हरली. मूठ उघडली की संपलं, म्हणून कुणी नखं मारत नाही, झिंज्या ओढत नाही.

नॅट शिकवतो — "डोक्यावर मारू नकोस, बोटं तुझीच मोडतील. बरगड्यांखाली मार. पोटात! भलेभले तिथं कोसळतात."

डॉर्कसलाही हेच शिकवलं असणार. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

२० मे

डॉर्कस बोलत नाही. गिऱ्हाइकांना ऊत आलाय — "ए जुडिथ, मासळी राहू दे, एक ठोसा दे!" मीही हसले. काय करणार?

२७ मे

झाली झुंज.

पहिला ठोसा खांद्यावर, दुसरा कानाखाली. कान अजून गुणगुणतोय. नॅट मंचाखालून ओरडत होता, "डावा वर! अगं, डावा वर घे!" नाही घेतला. डॉर्कस जवळ आली, तिची उजवी मूठ माझ्या बरगड्यांखाली आली — मी डोळे मिटले.

खण्ण!

फळ्यांवर तिचं नाणं. तिनं मूठ उघडली होती! लोकांनी शिव्या घातल्या, तिच्यावर अंडी फेकली. मी जिंकले म्हणे.

२९ मे

डॉर्कसकडे आज कुणी फिरकलं नाही. विचारलं, का सोडलंस?

ती खवले काढत होती. वर न बघता म्हणाली, "तुझा डावा हात पोटावरून हलत नव्हता. मागच्या वर्षी मीही तशीच उभी होते. मी नाणं सोडलं नाही."

२ जून

नवं आव्हान छापून आलं. माझ्याच नावानं. दोन्ही नाणी त्या कागदावर ठेवली आणि निघाले. हे डॉर्कसच्या खोलीत लिहिते आहे. तिनं सरकून जागा केली.